एकही लाल नाही

२ सप्टेंबर, सोमवार

मोठ्या बाईंनी आज केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. मुख्याध्यापिका स्वतःहून चहा पाजतात तेव्हा कोणाच्या तरी गळ्यात घोंगडं पडणार हे ठरलेलं असतं. आज गळा माझा होता. शाळेत 'खंबीर मन' नावाचा उपक्रम सुरू होतोय आणि नववीत तो मी राबवायचा. का, तर मी नववीची वर्गशिक्षिका आहे आणि गुरुवारी माझा सहावा तास मोकळा असतो. मुलांच्या मनाचं भलं करायला एवढी पात्रता पुरते.

मी म्हटलं, "बाई, मी गणित शिकवते."

"म्हणूनच तर! तुम्ही भावनेच्या भरात वाहून जाणार नाही."

एक गुळगुळीत पुस्तिका हातात ठेवली. पान चारवर लिहिलंय की समन्वयकाने स्वतःच्या भावनांची रोज नोंद ठेवावी, ही वही कोणीही तपासणार नाही. मी समन्वयक. कोणी तपासणार नाही म्हणतात, म्हणून खरं लिहिते. आजची भावना: वैताग.

५ सप्टेंबर, गुरुवार

प्रशिक्षण. आम्हा अकरा शिक्षकांना गोलात बसवलं. प्रशिक्षक पस्तिशीचा, दाढी कोरलेली, दर तीन वाक्यांनंतर "एक दीर्घ श्वास घेऊ या" म्हणणारा. दुपारपर्यंत त्याचं नाव दीर्घश्वास पडलं, आणि ते मी पाडलेलं नाही, विज्ञानाच्या सरांनी पाडलं.

आधी प्रत्येकाला एक फुगा दिला. फुग्यावर स्वतःचा राग लिहायचा, मग फुगा सोडून द्यायचा. चित्रकलेच्या बाईंनी एवढं काही लिहिलं की शाई वाळेना आणि साडीवर डाग पडला. मी 'वेळापत्रक' असं लिहिलं. दीर्घश्वास म्हणाला, "मॅडम, अजून आत जा." मी म्हटलं, आत गेले तर घंटा ऐकू येणार नाही.

मग सगळ्यांनी आपल्या लहानपणीचा एक कठीण प्रसंग सांगायचा. तीन जण रडले. मी सांगितलं की माझे वडील सकाळी गेले आणि दुपारी मी बीजगणिताचा पेपर दिला, शंभरपैकी चौऱ्याऐंशी मिळाले. खंबीर मन म्हणतात ते हेच ना? उरलेले सोळा कुठे गेले तेही मला प्रश्नाच्या क्रमांकासकट आठवतं. दीर्घश्वास माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. बहुधा त्याला पुढचं वाक्य सुचत नव्हतं.

९ सप्टेंबर, सोमवार

सुरुवात झाली. पद्धत अशी: दर सोमवारी प्रत्येक मुलाला एक पाकीट द्यायचं. त्यात पाच हिरवी, पाच पिवळी, पाच लाल कार्डं. रोज सकाळी वर्गात शिरताना दाराजवळच्या खोक्यात एक कार्ड टाकायचं. हिरवं म्हणजे मी ठीक आहे, पिवळं म्हणजे तितकासा नाही, लाल म्हणजे मला मदत हवी. मी मोजायची आणि भिंतीवरच्या तक्त्यात रंगवायची. मोजण्यापुरती का होईना, गणिताची सोय झाली.

पुस्तिकेतलं वाक्य मी वर्गाला जसंच्या तसं वाचून दाखवलं: "कोणी कोणतं कार्ड टाकलं हे कोणालाही कधीही कळणार नाही." मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं. तिसऱ्या बाकावरच्या वकीलबाईंनी हात वर केला. या मुलीला शंका विचारल्याशिवाय अन्न पचत नाही. "मॅडम, कळणारच नाही तर मदत कोणाला करणार?"

प्रश्न बरोबर होता. मी "खाली बस" म्हटलं.

पट एक्केचाळीस. हिरवी तेहेतीस, पिवळी सात, लाल एक.

चिरंजीव याच वर्गात, हजेरी क्रमांक बारा. नववीची तुकडी एकच, त्यामुळे इलाज नाही. शाळेत तो मला मॅडम म्हणतो, मी त्याला आडनावाने हाक मारते. असल्या रंगीत कार्डांची त्याला गरज नाही हे एक बरं आहे.

१३ शुक्रवार

पाचही दिवस एकच लाल. रोज. कोणीतरी एकच जण टाकतंय, हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही.

एवढं कसलं दुःख आहे म्हणे? मी रोज एकेक चेहरा न्याहाळते. खिडकीजवळची एक मुलगी उदास दिसते, पण ती वर्षभर तशीच दिसते. जुलैतल्या त्या नऊ जणांपैकी कोणी असेल. तेव्हा यांनी फोनवरच्या गटात गृहपाठाची उत्तरं फिरवली होती. चिरंजीवांचा फोन टेबलावर उघडा पडला होता म्हणून मला दिसलं. दुसऱ्या दिवशी नऊच्या नऊ जणांना उभं केलं, पालक बोलावले. "तुम्हाला कसं कळलं?" म्हणून आ वासून विचारत होते. मी म्हटलं, मला सगळं कळतं. त्या दिवसापासून गृहपाठ चोख येतो. चिरंजीवांनी ना उत्तरं दिली होती ना घेतली होती, त्यामुळे त्यांना मी मधे आणलंच नाही.

कोण असेल हे लाल कार्ड? डोक्यातून जात नाही. भावना (पुस्तिकेसाठी): कुतूहल.

१५ रविवार

उपाय सापडला. इतका सोपा आहे की दीर्घश्वासाला सात जन्मांत सुचणार नाही.

पाकिटं भरायचं काम घरी आणलं होतं. जेवणाच्या टेबलावर एक्केचाळीस ढीग मांडले. पाकिटं मी हजेरीच्या क्रमानेच वाटते. तेव्हा लाल कार्डांच्या मागे, कोपऱ्यात, पेन्सिलीने बारीक हजेरी क्रमांक घातला की झालं. नुसती लालच. दोनशे पाच कार्डं.

एकटीने किती वेळ लागला असता! चिरंजीव समोर पाणी प्यायला आले, त्यांना बसवलं. एक ते वीस त्याने लिहायचे, पुढचे मी.

"हे चालतं?" त्याने विचारलं.

"त्या पोराला मदत करायची की नाही? कोण आहे ते कळल्याशिवाय कशी करणार?"

"पण तू कोणाला कळणार नाही म्हणालीस."

"मला कळलं म्हणजे कोणाला कळलं असं होत नाही."

अर्धा तास खाली मान घालून लिहीत बसला. अक्षर छान आहे त्याचं. स्वतःच्या बाराव्या क्रमांकाच्या कार्डांवरही निमूटपणे आकडा घातला. मी म्हटलं, तुझी राहू देत रे. तर म्हणाला, "राहिली तर ओळखू येतील."

हुशार आहे. माझ्यावर गेलाय.

१६ सोमवार

एकही लाल नाही! हिरवी पस्तीस, पिवळी सहा.

२० शुक्रवार

आठवडाभर लाल नाही. आकडे घातलेली लाल कार्डं पोरांकडे तशीच आहेत, त्यामुळे पुढच्या सोमवारी नुसती हिरवी-पिवळी वाटायची. माझा सगळा सापळा फुकट. पण त्याचबरोबर ते पोर जे कोणी होतं ते बरं झालं म्हणायचं. पाच दिवस नाटक करून कंटाळलं असेल. मुलांच्या बहुतेक दुःखांकडे लक्ष न देणं हाच रामबाण इलाज असतो, हे मी त्या फुग्यांच्या दिवशीच सांगणार होते.

मोठ्या बाईंनी तक्त्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला. माझा नाही, स्वतःचा.

२४ मंगळवार

आज यांनी एक विषय काढला. हे चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतात. दिवसभर मशीनच्या आवाजात बसल्याने घरी आल्यावर यांचं बोलणं मोजून दहा वाक्यांचं. त्यातली दोन आज खर्च केली.

"तो हल्ली बोलत नाही."

"तुम्ही तरी कुठे बोलता!" मी म्हटलं. "घराण्याची रीतच ती."

"डबा परत आणतो. भरलेला."

मी वर्गात आहे, मला माहीत नाही का? मधल्या सुट्टीत तो वाचनालयात बसतो. वाचनाची गोडी लागली की पोरांना भुकेचं भान राहत नाही. ग्रंथपालबाई परवा कौतुकाने म्हणाल्या, "तुमचा मुलगा रोज येतो हो, अगदी घंटा होईपर्यंत." इतर पोरं मैदानात धुळीत लोळत असतात. यांना त्यातही काळजी दिसते.

वन्संना तो रोज फोन करतो म्हणे. नणंदबाई दुसऱ्या गावात एकट्या राहतात, मूलबाळ नाही, भाचा म्हणजे जीव की प्राण. करू देत फोन. आत्याशी बोलतो, याचा अर्थ बोलतो.

१ ऑक्टोबर, मंगळवार

तिसरा आठवडाही लालशिवाय सुरू झाला. पुढच्या मंगळवारी वरच्या ऑफिसातून एक पाहुण्या येणार आहेत. सगळ्या शाळांमध्ये आमचा वर्ग 'आदर्श खंबीर वर्ग' म्हणून दाखवायचा घाट घातलाय. मोठ्या बाई जमिनीला पाय लावायला तयार नाहीत. मला म्हणाल्या, "तुमचं गुपित काय ते पाहुण्यांना सांगा."

काय सांगू? मुलांना जास्त विचारत बसू नका, हेच गुपित. हसू आलं मला. एवढे फुगे, एवढे श्वास, आणि तक्ता हिरवा केला तो एका गणिताच्या बाईने, काहीही न करता.

८ मंगळवार

सगळं क्रमाने लिहिते.

पाहुण्या आल्या. उंच, बारीक काड्यांचा चष्मा, बोलणं गोड. तक्ता पाहून खूश झाल्या. वर्गाकडे वळून म्हणाल्या, "तीन आठवडे एकालाही लाल कार्ड टाकावंसं वाटलं नाही? किती छान! असं कशामुळे झालं, कोण सांगेल?"

वकीलबाईंचा हात वर. मी मान हलवत होते, तोवर ती उभीच राहिली.

"बाकीच्या दिवसांचं माहीत नाही. पण शुक्रवारपासून आम्ही टाकत नाही, कारण लाल कार्डांवर आमचे नंबर आहेत."

तिने स्वतःचं कार्ड उलटं करून दाखवलं. सतरा.

मोठ्या बाई वकिलांच्याही वर. क्षणात म्हणाल्या, "छपाईतले अनुक्रमांक आहेत ते. हो ना, मॅडम?"

मी "हो" म्हटलं.

एवढंच. एक अक्षर. पंचवीस वर्षांत वर्गासमोर मी खोटं बोलले नव्हते. चुकीचं उत्तर फळ्यावर आलं तरी पोरांसमोर खोडून दुरुस्त करणारी बाई मी.

"पेन्सिलीने छापतात?" वकीलबाईंनी विचारलं. कोणी हसलं नाही. मग ती माझ्याकडे नाही, खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकाकडे वळून म्हणाली, "आणि अक्षर कोणाचं आहे ते आम्हाला कळतं."

सगळा वर्ग चिरंजीवांकडे बघत होता. तो वहीत बघत होता. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "चहाडखोर. जुलैतही यानेच." पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. मी वर्गशिक्षिका, मी त्याची आई, मी सहा पावलांवर उभी. मूग गिळून उभी राहिले.

९ बुधवार

काल शाळेतून तो घरी आला, दप्तर ठेवलं, वन्संना फोन केला. आज शाळेत आला नाही. मी आले. मोठ्या बाई म्हणाल्या, "दोन दिवसांत विसरतील पोरं, आपण छपाईचंच धरून ठेवू." मी वर्गावर गेले, फळ्यावर समीकरण लिहिलं आणि ते सोडवताना मला सुटलं ते वेगळंच.

वर्गाला आकडे कळले या शुक्रवारी. तसं ती स्पष्ट म्हणाली. पण लाल कार्ड थांबलं सोळा सप्टेंबरच्या सोमवारी. मधले तीन आठवडे कोणालाही काही माहीत नव्हतं, मग त्या पोराने त्या सोमवारी कार्ड टाकणं का थांबवलं? त्याला माहीत होतं म्हणून. आकडे घातले रविवारी. रविवारी टेबलाशी दोनच माणसं होती.

उरलेल्या तासाला मी वर्गाला स्वाध्याय लावून दिला. मुलांना वाटलं असेल मॅडमचं डोकं दुखतंय.

आणि मी लिहिलंय काय? मागची पानं वाचली. वाचनाची गोडी! माझ्यावर गेलाय! शाळेतल्या प्रत्येकाच्या अकलेचं माप काढत बसले होते आणि घरातलं पोर उपाशी परत येत होतं. दीर्घश्वासाने माझ्याकडे त्या दिवशी का टक लावली होती, ते आता कळतं. भावना: लाज. पुस्तिकेसाठी नव्हे.

१० गुरुवार

तो गच्चीवर वाळलेले कपडे काढत होता. मी दुसरं टोक धरलं. चादरीची घडी घालताना तोंड टाळता येत नाही.

"ते लाल कार्ड तुझं होतं?"

"आता त्याचं काय?"

"पाच दिवस?"

"पाच दिवस." त्याने चादरीची कड माझ्या हातात दिली. "मला वाटलं तू वर्गाला काहीतरी विचारशील. नाव न घेता. काय झालंय, एवढंच."

"मी शोधत होते रे, कोण आहे ते."

"हो. शोधायला मलाच बसवलंस."

जुलैपासून वर्गातलं कोणी त्याच्याशी बोलत नाही. एकही जण नाही. त्या नऊ जणांची नावं त्यानेच मला दिली असं सगळ्यांनी धरलं. बाकावर शेजारी कोणी बसत नाही, हे मला दिसत होतं. मी त्याला शिस्त समजत होते.

"मला सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"सांगून? घरातलं तू वर्गात नेतेस, वर्गातलं घरी आणतेस. माझं म्हणून काही उरतच नाही." आवाज चढला नव्हता त्याचा, तेच सहन होईना. "मी आत्याकडे जातो. तिकडच्या शाळेत. तिला विचारलंय. बाबांनाही."

यांना माहीत होतं! मी खाली येऊन यांच्यावर तोंड सोडणार होते. हे सोफ्यावर बसले होते, चष्मा काढून. म्हणाले, "मी दोनदा सांगितलं तुला." खरंच दोनदा सांगितलं होतं. तारखेसकट लिहिलंय मी.

११ शुक्रवार

पहिल्या तासाला दार लावून घेतलं. मोठ्या बाईंना विचारलं नाही.

वर्गाला सांगितलं: आकडे छपाईचे नाहीत. ते घालायचं मी ठरवलं. पहिले वीस माझ्या मुलाने लिहिले, कारण मी त्याला बसवलं. कोणाला कळणार नाही असं वचन देऊन मी ते मोडलं, आणि मंगळवारी पाहुण्यांसमोर खोटं बोलले. खोकं मी बंद करतेय.

वकीलबाई उभी राहिली, यावेळी हात वर न करता. "आणि जुलैत?"

"जुलैत त्याने काहीही सांगितलं नाही. फोन मी बघितला. त्याला न विचारता."

ती खाली बसली. मग पुन्हा उठली. "पण मॅडम, आम्ही तीन महिने त्याच्याशी…" वाक्य पुरं केलं नाही. शंका विचारल्याशिवाय अन्न न पचणारी ती मुलगी, रडायला लागली. तिच्यामागे आणखी दोघं. रडू नका म्हणायची सवय जिभेवर आली होती, ती आवरली. फळा पुसला, तो आधीच कोरा होता.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी झाडलं. आदर्श वर्ग गेला, समन्वयकपद गेलं, लेखी खुलासा मागितलाय. देईन. एका पानात मावेल.

संध्याकाळी पाच-सहा पोरं दारात आली, चिरंजीवांना भेटायला. जिन्यात उभी राहून बोलली. मी स्वयंपाकघरात होते आणि ऐकलं नाही. नळ सोडून ठेवला होता.

वाटलं, आता राहील तो. विचारलं. म्हणाला, "ते सॉरी म्हणाले. बरं वाटलं. पण उद्यापासून ते माझ्याशी तुझ्या सांगण्यावरून बोलणार. मला नवीन ठिकाणी जायचंय, जिथे तू शिकवत नाहीस."

वाद घालायला निदान तीन मुद्दे तयार होते, वर्षाच्या मधेच शाळा बदलणं, दहावी तोंडावर, वन्संचं वय. एकही काढला नाही. हो म्हटलं. मग आत जाऊन खूप रडले. वडील गेले तेव्हाचंही त्यात थोडं असावं.

१४ सोमवार

दाखल्याचा अर्ज. शाळेच्या कार्यालयात मी आणि तो, कारकुनाच्या टेबलासमोर. या खुर्चीत मी एरवी पालकांना बसलेलं बघते.

अर्जावर खाली दोन सह्या लागतात, पालकाची आणि वर्गशिक्षकाची. दोन्ही मीच केल्या. कारकून जरा अवघडला. वर एक रकाना होता, 'शाळा सोडण्याचे कारण'. मी लिहिलं, "आईवर आणि वर्गशिक्षिकेवर विश्वास राहिला नाही."

कारकुनाने वाचलं आणि पेन खाली ठेवलं. "मॅडम, हे काय? घरगुती कारण लिहा. सगळे तेच लिहितात."

"खरं कारण लिहिलंय."

"अहो, हे दप्तरी राहतं. कायम."

"राहू द्या."

चिरंजीवांनी अर्ज स्वतःकडे ओढला. दोनदा वाचला असावा, कारण वेळ लागला. मग माझ्या हातातलं पेन घेतलं आणि 'आईवर आणि' या दोन शब्दांवर एक सरळ रेघ मारली. पट्टी न धरता. अर्ज कारकुनाकडे सरकवला आणि बाहेर बाकावर जाऊन बसला.

कारकून म्हणाला, "खाडाखोड झाली की शेजारी सही लागते. पालकाची."

मी सही केली. जरा वेडीवाकडी आली, कागद नीट दिसत नव्हता. तो म्हणाला, चालेल.